बाबांचा डोळा आणि माझा नेम

बोळिंजच्या नाक्यावर नारळांचे दोन ढीग दिसायला लागले की समजावं, नारळी पौर्णिमा जवळ आली. एक ढीग पूजेच्या नारळांचा. ते गोरेगोमटे, शेंडी विंचरलेले, लग्नाला निघाल्यासारखे. दुसरा ढीग लढवायच्या नारळांचा. हे दिसायला अगदी दरिद्री. लहान, काळपट, जाड कवटीचे. गिऱ्हाईक त्यातला एकेक उचलून कानाशी धरतं, टिचकी मारतं, डोळे बारीक करतं आणि परत ठेवतं. जणू नारळाने पलीकडून काहीतरी न पटणारं सांगितलं आहे.

काल संध्याकाळी मीही तसा एक नारळ कानाशी धरून उभा होतो. मला त्यातलं काही कळत नाही. पण वटारला, गावी बाबांकडे जायचं तर मोकळ्या हाताने कसं जायचं, आणि वटारच्या माणसाने नारळ न ऐकता घेतला तर दुकानदार काय म्हणेल, अशा दुहेरी लाजेने मी टिचक्या मारत होतो. मारता मारता एक टिचकी नारळाला न लागता माझ्याच कानाला लागली. दुकानदाराने पाहिलं. मग मी भाव न करता दोन नारळ घेतले आणि निघालो.

हे असंच आहे माझं. आमच्या घरात माझ्याकडे कोणी वस्तू फेकत नाही आणि मी फेकलेली कोणी झेलायला जात नाही. माझी बायको नीता साताऱ्याकडची, तिचा नेम फक्त तोंडाचा, पण तो कधी चुकत नाही. ती म्हणते, "तुम्ही कचऱ्याच्या डब्यात उभं राहून कचरा टाकलात तरी बाहेर पडेल." आणि मी कोणाचा मुलगा, तर वटारच्या दामूभाऊंचा, ज्यांचा नारळ ऐन भरात असताना पौर्णिमेला देवळासमोर त्यांच्यापुढे नारळ धरायला माणसं कचरायची.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एकाने आपला नारळ दोन्ही तळव्यांत घट्ट धरून पुढे करायचा. दुसऱ्याने आपल्या नारळाने त्याच्यावर ठोका द्यायचा. ज्याचा फुटला तो हरला, आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याच्या पिशवीत. बस, इतकंच. पण मारणाऱ्याचा नेम बोटभर चुकला तर धरणाऱ्याची बोटं गेली. म्हणून धरणाऱ्याने हलायचं नाही आणि डोळे मिटायचे नाहीत, हा नियम. मी लहानपणी दोन्ही करायचो. मग मला कोणी धरायला बोलावेना, आणि मी फुटलेल्या कवट्या गोळा करणाऱ्या बायकांच्या खात्यात जमा झालो. त्या खोबऱ्याचा नारळीभात मात्र मी जिंकणाऱ्यांपेक्षा जास्त खाल्ला आहे.

बाबांचा ठोका मला आजही दिसतो. हात वर जायचा तो आळसावल्यासारखा, खाज सुटलीय म्हणून उचलल्यासारखा. खाली यायचा तो दिसायचाच नाही. पण अगदी शेवटच्या वितीत, कवटीला भिडण्याच्या आधी, तो हात किंचित सावरायचा. एखादा माणूस धावत येऊन दाराशी चपला नीट काढतो ना, तसा. आणि मग ठक. दुसरे लोक मारायचे तेव्हा टाळी मारल्यासारखा आवाज यायचा. बाबांचा आवाज दारावर कोणी वाजवल्यासारखा.

नेम धरणं हे एकदाच करायचं काम आहे असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. धरला आणि सोडला. पण तसं नसतं. हात निघाला की वाटेत सारखा विचारत असतो, बरोबर चाललोय ना? आणि डोळा सांगत असतो, जरा डावीकडे, आता हळू, आता टेक. पहिला बराचसा रस्ता हात धावत काटतो आणि शेवटची वीतभर चाचपडतो. पापडाच्या डब्याचं झाकण लावताना, कुलपात किल्ली घालताना, फोडणीत हळद टाकताना, कुठेही पाहा. हे मला नारळाने शिकवलं नाही. गेल्या श्रावणात बाबांच्या डोळ्याने शिकवलं, आणि शिकवताना माझी पुरती शोभा केली.

बाबांचा डावा डोळा लहानपणीच गेला. मांडवाच्या बांबूचं टोक लागलं. सगळं आयुष्य त्यांनी उजव्या डोळ्यावर काढलं. केळी, पानवेल, मोगरा, नारळ, सगळं एका डोळ्याने. त्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला तेव्हा आम्ही त्यांना बोळिंजच्या फ्लॅटवर आणलं. आई जाऊन चार पावसाळे झाले होते, वाडीवर त्यांच्याजवळ बसून राहील असं कोणी नव्हतं. माझा चुलतभाऊ जगू शेजारीच राहतो, पण त्याला स्वतःची वाडी. आमची ईशा पुण्याला शिकते. म्हणजे राहिलो मी आणि नीता.

ऑपरेशन छान झालं. घरी सोडताना नर्सबाईंनी बाटली दाखवली. "दर दोन तासांनी एक थेंब. खालची पापणी बोटाने अशी ओढायची, झोळी होते, त्या झोळीत टाकायचा. बाटलीचं टोक डोळ्याला लागता कामा नये. आणि काकांची बोटं नकोत, त्यांना डोळ्याला हात लावू देऊ नका." बाबांनी आपली बोटं पाहिली. केळीच्या चिकाने ती इतकी काळी झालेली आहेत की साबणही आता त्यांच्या वाटेला जात नाही. "घालणार कोण?" बाईंनी विचारलं. बाबांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "हा."

पहिला थेंब कपाळावर पडला, गंध लावल्यासारखा. दुसरा मिशीत.

"सुध्या," बाबा पडल्या पडल्या म्हणाले, "मोतीबिंदू मिशीला नाही झाला."

बाबा हे असं शाळेच्या मराठीत बोलत नाहीत. त्यांचं 'अटे' आणि 'तटे' आहे, इथे आणि तिथेला. मी ते लिहीत नाही, कारण मला ते नीट लिहिता येत नाही. आणि लिहिता येत नाही, कारण कॉलेजात गेल्यावर ते बोलायची मला लाज वाटायला लागली होती. लाजेचा विषय निघालाच आहे तर हेही सांगून टाकलं.

"मी घालू का बाबा?" नीता दारातून म्हणाली. बाबांनी अंगावरची चादर गळ्यापर्यंत ओढली आणि उठूनच बसले. "नको गो सूनबाई, तुला स्वयंपाक असेल." दुपारचे तीन वाजले होते. स्वयंपाकाचा काही संबंध नव्हता. पण सुनेने सासऱ्याच्या तोंडाला हात लावायचा, हे आमच्यात बसत नाही. नीताला कळलं. ती जाऊन उगाच भांडी वाजवत बसली.

ईशाने पुण्याहून फोनवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक बाई हसत हसत स्वतःच्याच डोळ्यात थेंब टाकते. "पप्पा, सिम्पल आहे. तुम्ही टेन्शन नका घेऊ." मी तो पुन्हा पुन्हा पाहिला. तरी माझे थेंब नाकावर, गालावर, उशीवर. एक तर कानात. बाबा म्हणाले, "बरं झालं, तिकडूनही कमी ऐकू येत होतं."

आता मी खरं काय करत होतो ते सांगतो. मी पलंगापासून हातभर लांब उभा राहायचो. बाटली वर धरायचो, नळासारखी. बाबांना म्हणायचो, डोळा मोठा करा, वर बघा. पापणी ओढायची म्हणजे त्यांच्या गालावर बोट ठेवायचं, आणि ते मी करत नव्हतो. का, ते मला तेव्हा कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आमच्यात बापाच्या पायाला हात लावतात. दसऱ्याला, पाडव्याला, परीक्षेला जाताना, फ्लॅट घेतल्यावर. पाय माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत, टाचेच्या भेगांसकट. पण तोंड? बाबांच्या तोंडाला हात लावताना मी उभ्या जन्मात एकच माणूस पाहिला होता, तो म्हणजे रविवारी वाडीवर येणारा न्हावी. तो त्यांचं नाक चिमटीत धरून वरचा ओठ भादरायचा आणि दामूभाऊ, ज्यांच्यासमोर गाव कचरायचं, निमूट बसायचे. मला ते बघूनच कसंतरी व्हायचं, मी विहिरीकडे निघून जायचो. आईनेही लावला असेल हात. पण ते मुलांनी पाहायचं नसतं.

आणि दुसरी गोष्ट. बाबा सांगायचे, "बाटलीकडे काय बघतोस, डोळ्याकडे बघ." बरोबरच होतं. जिथे पोचायचं तिथेच बघायला हवं. पण जिथे पोचायचं होतं तो बाबांचा डोळा होता, उघडा, माझ्याकडे रोखलेला. त्या डोळ्याकडे मी लहानपणी मार्कांचं पान पुढे करताना पाहिलं नाही, लग्न ठरवलं ते सांगताना पाहिलं नाही, वाडी न करता नोकरी करणार हे सांगताना तर समोरच्या केळीकडे बघत होतो. आता पन्नाशीत एकदम कसा बघणार? मी बाटलीकडे बघायचो. डोळ्याने सांगायचं थांबवलं की हात आंधळा होतो. माझा व्हायचा.

तपासणीच्या दिवशी डॉक्टर वाकून बघत होते, बराच वेळ. "लाली आहे अजून. सूज उतरायला हवी होती एव्हाना. थेंब आत जातायत ना?"

"जातायत," मी म्हटलं.

बाबा भिंतीवरच्या अक्षरांकडे बघत राहिले. मोठमोठी अक्षरं होती ती, आणि बाबा त्यांच्याकडे धुक्यात बघावं तसे बघत होते.

"सूज राहिली तर नजरेला धोका आहे," डॉक्टर म्हणाले. "आणि यांच्याकडे दुसरा डोळा नाही. लक्षात ठेवा."

रिक्षाच्या पडद्यावर पाऊस वाजत होता. बाबा काळा चष्मा घालून मधोमध बसले होते. मी म्हटलं, "तुम्ही ऐन वेळेला डोळा मिटता, म्हणून होतं हे."

"हं," बाबा म्हणाले.

मिटायचेही ते, खोटं नाही. इतक्या उंचावरून थेंब यायचा, कोणीही मिटेल. पण ज्या माणसाने नारळाच्या ठोक्याला पापणी हलवली नाही, त्याला पाण्याच्या थेंबाला डोळा मिटल्याची किती शरम वाटत असेल, हा विचार मला शिवला नाही. मला माझ्या शरमेला जागा हवी होती, ती मी त्यांच्या डोळ्यात शोधली.

मग पौर्णिमा आली. बाबांना धुळीत जायला बंदी. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा ते देवळासमोर नव्हते. सकाळपासून खिडकीशी बसून होते. आमच्या कॉम्प्लेक्सच्या खिडकीतून पाण्याच्या टाक्या आणि समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. त्यांना तेही दिसत नव्हतं. संध्याकाळी जगू आला, बायकोला घेऊन. वटारहून स्कूटरवर, अर्धे भिजलेले. डब्यात हळदीच्या पानातल्या पातोळ्या, आणि पिशवीत जिंकलेल्या फुटक्या नारळांची वाटणी. घरभर हळदीच्या पानांचा आणि ओल्या करवंटीचा वास पसरला. बाबांनी पिशवीत हात घालून एकेक तुकडा चाचपला. "हा कोणाचा? कडेला फुटलाय. मारणाऱ्याने घाई केली."

"तुमच्याशिवाय मजा नाही काका," जगू म्हणाला. "सगळे विचारत होते. डोळा कसा आहे?"

नेमकी थेंबाची वेळ झाली होती. बाबा पलंगावर आडवे झाले. जगू आणि त्याची बायको सुमन खुर्च्या ओढून बसले, खेळ बघायला बसावं तसे. मी बाटली उघडली. आणि थेंब चुकायच्या आधीच, चुकणार हे माहीत असल्यामुळे, मी म्हणून टाकलं, "बाबा डोळा मिटतात. म्हणून जात नाही औषध. डॉक्टर मला बोलतात."

"दामूकाका डोळा मिटतात?" जगू हसला. "काय सांगतोस. नारळ धरला की पापणी दगडाची व्हायची यांची."

बाबांनी डोळा उघडला. पूर्ण उघडला. लाल झालेला, पाण्याने डबडबलेला तो एकुलता डोळा त्यांनी असा उघडा धरला की मला वाटलं आता तो कायमचाच उघडा राहतोय. पापणी हलली नाही. श्वाससुद्धा धरून ठेवला होता त्यांनी. मी बाटली दाबली.

थेंब नाकाच्या शेंड्यावर पडला.

सुमनने पदराशी चाळा केला. जगू छताच्या पंख्याकडे बघायला लागला. नीता दारात उभी होती, तिच्या तोंडचा नेम त्या दिवशी पहिल्यांदा गप्प होता. डोळा उघडा होता हे सगळ्यांनी पाहिलं होतं. चुकला तो कोण हे सांगायची गरज नव्हती.

"मीच हललो," बाबा म्हणाले. "मान हलली माझी. सुध्याचा नेम बरोबर होता."

जगूला हे खरं वाटलं नाही, पण तो भला माणूस आहे. म्हणाला, "होतं काका, वयाने होतं." दोघांनी चहा घेतला आणि गेले.

मी तसाच उभा. बाबाही तसेच आडवे, नाकावरचा थेंब आता ओघळून गालाच्या सुरकुतीत शिरला होता. मी कापूस घेतला. पुसायला हरकत नव्हती. पुसणं हे काम आहे, त्याला कोणी हात लावणं म्हणत नाही. त्यासाठी मात्र मला पलंगाच्या कडेवर बसावं लागलं. नाक पुसलं. मग गाल पुसला. दाढी एका दिवसाची वाढलेली, बोटांना खरखरली. गालाचं हाड उंच आहे त्यांचं, हे मला माहीत नव्हतं. फोटोत दिसतं, पण माहीत नव्हतं. कातडी मात्र मऊ, पिकल्या केळीच्या सालीसारखी, हाडावरून सरकणारी. कापूस ओला होऊन गोळा झाला, खाली पडला, आणि माझं बोट गालावरच राहिलं.

काढायला हवं होतं. काढलं नाही. कारण काढलं असतं तर मी ते ठेवलं होतं हे दोघांनाही कळलं असतं.

बोट तिथे होतंच, तर ते जरा खाली ओढलं. पापणीची झोळी झाली, लाल, ओली, चिमणीच्या पिल्लाच्या चोचीसारखी. दुसऱ्या हाताची करंगळी मी त्यांच्या भुवईवर टेकवली, बाटली तिथून धरली. आता शेवटच्या वितीचा प्रश्नच राहिला नव्हता. हात आधीच पोचलेला होता. आणि इतक्या जवळून बघायला दुसरं काही नव्हतंच, म्हणून मी त्या डोळ्यात पाहिलं. त्यात खिडकी होती आणि खिडकीत एक टकलू माणूस तोंड उघडं टाकून बसला होता.

थेंब झोळीत पडला. आवाज नाही, काही नाही.

बाबांनी डोळा मिटला. या वेळी मिटायचाच होता. मी हात काढायची वाट पाहत होतो, म्हणजे माझाच हात, मीच काढायचा होता, पण वाट पाहत होतो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "गेला."

तेवढंच. शाबास नाही, आधीच असं का केलं नाहीस हेही नाही.

त्यानंतर एकही थेंब चुकला नाही. नीताला वाटलं मी व्हिडिओ बघून शिकलो. मी तिला तसंच वाटू दिलं. लाली गेली, सूज उतरली, थेंब सकाळ-संध्याकाळवर आले आणि माझी रजाही संपली. एक दिवस बाबांनी खिडकीतून समोरच्यांचे कपडे मोजले आणि म्हणाले, "यांच्याकडे एकाच रंगाचे किती शर्ट आहेत रे." मी त्यांच्यासमोर हसलो आणि न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं.

गणपती गेले आणि डॉक्टरांनी थेंब बंद केले. डोळा स्वच्छ आहे म्हणाले, आता काही लागणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला जायला निघालो, तर बाबा नेहमीच्या वेळेला पलंगावर आडवे झालेले. चष्मा उशाशी, मान वर केलेली, हात पोटावर.

"बाबा, आजपासून थेंब नाहीत," मी बुटांची नाडी बांधता बांधता म्हटलं.

"हो का," ते म्हणाले. थोडा वेळ तसेच राहिले. "नाहीत का." मग कुशीवर वळून उठले, चष्मा शोधला, आणि आता सगळं नीट दिसत असताना तो त्यांच्या हाताला दोनदा लागला नाही.

मी निघून गेलो. मला उशीर होत होता, हे खरं आहे. पण बसून गालावर हात ठेवायला किती वेळ लागला असता? थेंब नव्हता, म्हणून बोटाला जायला वाट सापडली नाही. बाबा वाडीवर परतले. आता महिन्यातून एकदा वटारला जातो. पायाला हात लावतो. तिथून तोंडापर्यंत उठताना माझा हात मधेच कुठेतरी खिशात जातो, आणि आम्ही केळीबद्दल बोलतो.

परवा बाबांचा फोन आला. पौर्णिमेला येतोस ना, लढवायचे दोन नारळ आण, तिकडे बरे मिळतात. मग म्हणाले, "आणि ते थेंबही आण. डोळा चुरचुरतो."

मी घाबरून जगूला फोन केला. तो म्हणाला, "छे रे, काही नाही झालेलं काकांना. परवा सुमनच्या सुईत दोरा ओवून दिला त्यांनी. पहिल्या फटक्यात."

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, औषधाची गरज नाही, फार तर डोळा ओला ठेवायचे साधे थेंब न्या, त्याने बरं वाटेल. ते घेतले. पिशवीत आता दोन नारळ आहेत आणि एक बाटली. नारळ कसे निघतील ठाऊक नाही, मी ऐकून घेतलेत. वाईट याचं वाटतं की निमित्तसुद्धा बाबांनाच शोधावं लागलं.